बेगमीचे शहाणपण

रायगडच्या किनाऱ्यावर मे महिन्याच्या उत्तरार्धात घराघरांतून एक जुनी लगबग आजही पाहावयास मिळते. अंगणात सुकट, जवळा आणि बोंबील वाळत पडलेले असतात. अलिबागकडच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा आढ्याला टांगल्या जातात, आमसुले बरणीत जातात, वालांना ऊन दाखवून ते डब्यात भरले जातात आणि लाकूडफाटा पडवीत रचला जातो. पावसाळ्याची ही बेगमी होय. जूनच्या आरंभापासून सुमारे दोन महिने यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला आता कायद्याने बंदी असते. परंतु हा कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून कोळीवाड्यांचा स्वतःचा असा दंडक होता, की नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण केल्याखेरीज होडी खोल पाण्यात लोटावयाची नाही. खवळलेल्या समुद्राचे भय हे त्याचे एक कारण. याच दिवसांत अनेक जातींच्या मासळीची वीण होते, हे दुसरे.

या दंडकातील शहाणपण कशात आहे, हे नीट पाहिले पाहिजे. पावसाळ्यातही एखादे दिवशी आभाळ उघडते, समुद्र शांत दिसतो आणि घरात तर पैशाची ओढ असते. त्या दिवशी जावे की न जावे, याचा विचार त्या दिवसाच्या मनावर सोपविला, तर उत्तर बहुधा ‘जावे’ असेच येणार. म्हणून जाणत्यांनी तो प्रश्न त्या दिवसापुरता उरूच दिला नाही. त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवले. हाताशी असलेले लहान सुख दूरच्या मोठ्या सुखापेक्षा माणसाला नेहमीच मोठे वाटते, आणि या दुबळेपणावर उपाय म्हणून तो स्वतःलाच आगाऊ बांधून घेतो, हा विचार अलीकडच्या अर्थशास्त्रात चांगलाच मान्यता पावला आहे. २००५ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे थॉमस शेलिंग यांनी या आत्मसंयमनावर पुष्कळ लिहिले. कोळीवाड्याने ते न लिहिता आचरिले होते.

जीवन चांगले कसे जगावे, याविषयीच्या उपदेशाचा आज सुकाळ आहे. दिवसाचे दहा नियम, यशाची सात सूत्रे अशा याद्या पदोपदी भेटतात आणि त्या वाचणारा दुसऱ्या दिवशी आहे तसाच असतो. नियमांची उणीव कधीच नव्हती. कोणता नियम टिकतो, कोणता टिकत नाही आणि का, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधावयास या जिल्ह्याबाहेर जाण्याचेही कारण नाही.

एका जिल्ह्यातील दोघे

११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे या गावी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. त्यानंतर चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, रायगड किल्ल्याच्या परिसरातील नाते या गावी चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. त्यांचे घर रोह्याचे. पहिले विनोबा म्हणून जगाला ठाऊक झाले, दुसरे सी. डी. देशमुख म्हणून. तेव्हाचा हा कुलाबा जिल्हा १९८१ मध्ये रायगड झाला, आणि पुढच्याच वर्षी हे दोघेही सुमारे सहा आठवड्यांच्या अंतराने गेले: देशमुख २ ऑक्टोबर १९८२ रोजी आणि विनोबा १५ नोव्हेंबरला.

यांच्याइतके परस्परविरुद्ध मार्गांनी गेलेले दोन समवयस्क सापडणे कठीण. देशमुख १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले, केंब्रिजला शिकले आणि १९१८ मध्ये आय. सी. एस.च्या परीक्षेतही पहिले आले. विनोबांनी आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली आणि १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईकडे निघालेले असता सुरतेलाच गाडी सोडून काशीची वाट धरली. १९४३ ते १९४९ या काळात देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. देशातील नोटांवर त्यांची स्वाक्षरी असे. विनोबांनी त्यानंतर थोड्याच काळात पवनारच्या आश्रमात ‘कांचनमुक्ती’चा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा प्रयोग आरंभिला. एकाने पैशाची पत राखली, दुसऱ्याने पैसाच नाकारला. मॅगसेसे पारितोषिक मात्र दोघांनाही मिळाले आणि तेही लागोपाठच्या वर्षी, विनोबांना १९५८ मध्ये व देशमुखांना १९५९ मध्ये.

दिल्लीत या दोघांच्या वाटा एकदा अगदी जवळ आल्या. पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून नियोजन मंडळाशी विचारविनिमय करण्यासाठी विनोबा पवनारहून दोन महिने पायी चालत १९५१ च्या नोव्हेंबरात राजघाटावर पोहोचले. अन्नाच्या बाबतीत देश स्वावलंबी व्हावा आणि प्रत्येक हाताला काम मिळावे, हा त्यांचा आग्रह होता. देशमुख तेव्हा देशाचे अर्थमंत्री व नियोजन मंडळाचे सदस्य होते. त्याच नोव्हेंबरात चलनवाढीला आवर घालण्यासाठी बँक दर ३ टक्क्यांवरून साडेतीन टक्के करण्यात आला. एक कुलाबकर चालत येऊन गरज कमी करण्याची गोष्ट सांगत होता आणि दुसऱ्याच्या खात्याकडून पैसा महाग होत होता. खर्चाला बांध असावा, हे दोघांनाही आपापल्या परीने मान्य होते.

मार्ग इतके भिन्न असता दोघांच्याही आयुष्याला जी घट्ट वीण दिसते, ती आली कोठून? नियमांचा आशय वेगवेगळा असला, तरी त्यांची घडण सारखी होती, असे उत्तर द्यावे लागते.

तांदळाचे दाणे

विनोबांचे आजोबा शंभुराव चांद्रायण व्रत करीत. चंद्राच्या कलेबरोबर घासांची संख्या वाढावयाची आणि तिच्याबरोबरच उतरावयाची. आई रुक्मिणीबाईंचे नियम त्याहून साधे होते. तुळशीला पाणी घातल्याखेरीज मुलाला जेवण नाही. घरचा फणस पिकला की आधी शेजाऱ्यांचे वाटे पोहोचवावयाचे, मग घरच्यांनी खावयाचे. देणारा तो देव आणि स्वतःपाशी ठेवून घेणारा तो राक्षस, अशी त्या माउलीची शिकवण विनोबा पुढे नेहमी सांगत.

त्यांनी सांगितलेली तांदळाची हकीकत तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे. आईने देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता आणि रोज ती एकेक दाणा मोजून वाही. वडील नरहरराव शास्त्रीय वृत्तीचे. त्यांनी सुचविले, की तोळाभर तांदूळ घेऊन त्यांतील दाणे मोजावेत आणि त्या मानाने लाखाचे वजन काढावे. चुकू नये म्हणून वर थोडे अधिक घालावेत, म्हणजे झाले. आईला काय उत्तर द्यावे ते सुचेना. संध्याकाळी तिने मुलाला विचारले. मुलगा म्हणाला, की हे मोजणे हिशेबासाठी नाहीच. प्रत्येक दाण्याबरोबर देवाचे स्मरण व्हावे, म्हणून ते आहे.

हिशेब म्हणून वडिलांचे म्हणणे बिनचूक होते. परंतु नियमाचे फळ लाखाच्या आकड्यात नसून रोजच्या मोजण्यात होते. आज पुष्कळांचे नियम मोडतात ते येथेच. रोज अर्धा तास वाचावयाचे ठरविलेला विद्यार्थी आठवड्याचे वाचन रविवारी एकदम उरकू पाहतो. रोजचा खर्च वहीत लिहिण्याचे ठरविलेला कारकून महिनाअखेरीस अंदाजाने आकडे भरतो. बेरीज जुळते, पण सवय लागत नाही. आणि सवयीसाठीच तर सारा खटाटोप होता. मोठा नियम आठवड्यातून एकदा पाळण्यापेक्षा लहान नियम रोज पाळणे सोपे जाते, कारण रोजच्या गोष्टीला वेगळा निश्चय करावा लागत नाही.

पुढे १९१७ मध्ये विनोबांनी गांधीजींकडून एक वर्षाची रजा घेतली, वाईला शास्त्रांचा अभ्यास केला आणि वर्ष संपताच ते आश्रमात परतले. त्या वर्षात काय शिकलो, किती चाललो, कोणते नियम पाळले, याचा हिशेब त्यांनी १९१८ मध्ये पत्राने गांधीजींना कळविला होता. नियम कोणाला तरी सांगितलेला असावा आणि त्याचा हिशेब कोणापुढे तरी ठेवावा लागावा, ही त्यातील खूण महत्त्वाची आहे. मनातल्या मनात केलेला संकल्प मनातल्या मनात मोडताही येतो.

हप्त्याची शिस्त

देशमुखांची शिस्त देवघरातली नव्हती. ती खतावणीतली होती. फाळणीनंतर १९४८ च्या जूनअखेरपर्यंत भारत व पाकिस्तान या दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक एकच होती आणि तिचे गव्हर्नर देशमुख होते. रक्तपाताच्या त्या दिवसांत दोन वैरी झालेल्या शेजाऱ्यांचा जमाखर्च एका हाताने सांभाळणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हाही तेच गव्हर्नर होते. त्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात, १ जुलै १९५५ रोजी, इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली.

पगारदार मध्यमवर्गाशी त्यांचा सर्वांत निकटचा संबंध मात्र आयुर्विम्याचा. १९ जानेवारी १९५६ रोजी त्यांनी आकाशवाणीवरून आयुर्विमा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतल्याची घोषणा केली. देशातील २४५ लहानमोठ्या संस्था एकत्र आल्या आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. विमेदाराने पोटाला चिमटा घेऊन भरलेला पैसा काही कंपन्यांच्या चालकांनी बेजबाबदारपणे वापरला होता. त्याला आळा घालणे हे या निर्णयामागील एक प्रमुख कारण होते.

विम्याचा हप्ता हा शिक्षक व कारकुनाच्या घरचा नारळी पौर्णिमेचा दंडक आहे, असे म्हणावयास हरकत नाही. भविष्यनिर्वाह निधीही तसाच. तो पैसा हातात येण्यापूर्वीच कापला जातो, म्हणून त्याचा मोह होत नाही. पगारातून खर्च करून उरेल ते शिल्लक टाकू म्हणणाऱ्याचे काही उरत नाही. आधी शिल्लक बाजूला काढून उरलेल्यात संसार करणाऱ्याचे थोडे का होईना, उरते. हे अंकगणित कोणालाही समजते. तरीही फोनवर क्षणार्धात कर्ज मिळण्याच्या आजच्या काळात त्याच्या नेमके उलट घडते. जे आधी घ्यावयाचे त्याचे हप्ते पुढे फेडावयाचे, हीही एक प्रकारची आगाऊ बांधणीच आहे. फरक इतकाच, की येथे माणूस स्वतःच्या हितासाठी बांधला जात नाही. विकणाऱ्याच्या हितासाठी बांधला जातो.

किंमत मोजण्याची तयारी

नियमाची कसोटी तो महाग पडतो तेव्हा लागते. १९५२ मध्ये देशमुख कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले होते. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा घाट घातला गेला आणि मुंबईत गोळीबारात माणसे मारली गेली. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी होत नाही आणि मुंबईसंबंधीचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता जाहीर होतो, असा आक्षेप घेऊन १९५६ च्या जुलैत त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. नेहरूंना तो आक्षेप मान्य नव्हता. परंतु निर्णयाची रीत पाळली गेली पाहिजे, या एका मुद्द्यासाठी देशातील एक अत्युच्च पद त्यांनी ठेवून दिले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी सांभाळले. आयुष्यभर जोपासलेला संस्कृतचा व्यासंग आणि बागेचा छंद यांमुळे पद गेले तरी माणूस रिकामा झाला नाही. पदावाचूनही ज्याचा दिवस भरलेला असतो, तोच पद सोडू शकतो. निवृत्तीकडे झुकलेल्या प्रत्येक नोकरदाराने विचार करावा अशी ही गोष्ट आहे.

तथापि नियमनिष्ठेलाही तिचे धोके असतात, हे सांगितले नाही तर चित्र अपुरे राहील. १९७५ च्या आणीबाणीत मौन पाळणाऱ्या विनोबांनी लिहिलेले ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द सत्तेने आपल्या प्रचारासाठी वापरले. आपल्याला आचार्यांचे अनुशासन अभिप्रेत होते, असा खुलासा पुढे झाला. पण तोवर व्हावयाचे ते झाले होते. स्वतःसाठी घेतलेला नियम आणि दुसऱ्यावर लादलेला नियम यांना एकच नाव असले, तरी ती एक वस्तू नव्हे. घरातील वडीलधाऱ्यांनी व वर्गातील शिक्षकांनीही हा भेद विसरता कामा नये.

ज्यांच्यापाशी साठवावयास काही नव्हते

येथवरच्या विवेचनावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. भाव्यांच्या घरी इनाम होते, देशमुखांच्या तर आडनावातच वतन होते. फणस वाटावयास आधी फणसाचे झाड मालकीचे लागते. ज्याच्या खळ्यावरून खोत धान्याचा मोठा वाटा उचलून नेत होता, त्या कुळाला काटकसरीचे नियम सांगणे ही थट्टाच नव्हे काय?

या आक्षेपाचे उत्तरही याच किनाऱ्याने दिले आहे. १९३३ च्या ऑक्टोबरात अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी निश्चय केला, की खोतांच्या जमिनी कसावयाच्या नाहीत. आसपासच्या पंचवीस गावांचा हा संप १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे चालला. रानातील लाकूडफाटा विकून व मिळेल ती मजुरी करून त्यांनी दिवस काढले. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चरीला येऊन संपाला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ मध्ये कुळकायदा झाला, १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस ‘कृषकदिन’ ठरून कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले.

सहा पावसाळे शेजारची जमीन पडीक दिसत असता तिला नांगर न लावणे, हा एकट्या माणसाच्या आवाक्यातला नियम नाही. तो गावाने मिळून घेतला, म्हणून टिकला. खारभूमीचे बांधही असेच. एकाने आपल्यापुरता बांध कितीही नीट ठेवला, तरी शेजारच्या तुकड्यात खांड पडली की भरतीचे खारे पाणी सर्वांच्या शेतात शिरते. भूदानाला जे पूर्णपणे साधले नाही, त्याचेही कारण येथे दिसते. चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन विनोबांना दानात मिळाली, परंतु तिचा मोठा भाग नापीक वा वादग्रस्त निघाला आणि बराच वाटलाच गेला नाही. देणाऱ्याचे औदार्य एका दिवसाचे असू शकते. त्यामागे रोजची व्यवस्था उभी राहावी लागते. वैयक्तिक सदाचार न्याय्य व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही, आणि न्याय्य व्यवस्था मिळाल्यावर सदाचाराची गरज संपते असेही नाही.

जमिनीचा पैसा

हे शेवटचे वाक्य आजच्या रायगडला विशेषेकरून लागू पडते. कुळकायद्याने आजोबांना मिळालेली जमीन नातवाच्या हातून पैशाच्या रूपाने बाहेर पडली किंवा पडत आहे. थळचा खत कारखाना, उरणचे बंदर, नवी मुंबई, महामार्ग आणि आता मुंबईकरांचे बंगले. मोबदल्यासाठीही येथील माणसाला झगडावे लागले. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील उरणच्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व मान्य झाले.

इतक्या मोलाने मिळालेला पैसा घरात राहतो किती? दारात गाडी येते, थाटाचे लग्न होते, बंगल्यावर आणखी एक मजला चढतो. आणि काही वर्षांनी त्याच घरातील मुलगा आपल्याच पूर्वीच्या जमिनीवरील फाटकाशी रखवालदार म्हणून उभा असतो. यात त्या माणसाच्या मूर्खपणाचा भाग थोडा आहे. धान्य, मीठ आणि मासळी यांची बेगमी कशी करावी, हे त्याला शेकडो वर्षांच्या अनुभवाने शिकविले होते. एकरकमी पैशाची बेगमी कशी करावी, हे शिकविण्यास एक पिढीही मिळाली नाही. दर पावसाळ्यात संपणारी आणि दर उन्हाळ्यात भरणारी बरणी त्याला ठाऊक होती. एकदाच भरणारी आणि पुन्हा कधीही न भरणारी बरणी त्याच्या घरात प्रथमच आली.

म्हणूनच जुने शहाणपण नव्या वस्तूला लावून पाहणे, हे आजचे काम आहे. रक्कम हातात येण्यापूर्वीच तिचे वाटे ठरवावेत. आल्यावर मोह ठरवितो. मुलांच्या शिक्षणाचा व म्हातारपणाचा वाटा सहजी हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवावा. ठरविलेली गोष्ट घरातील स्त्रियांसह सर्वांना सांगितलेली असावी आणि वर्षातून एकदा तिचा हिशेब सर्वांपुढे मांडावा. खर्च रोज लिहावा, अंदाजाने भरू नये. मिळालेल्यातील थोडे शेजाऱ्याच्या अडचणीसाठी आधी काढावे. शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांनाही याहून वेगळे सांगण्यासारखे फारसे काही नाही. रकमेचा आकडा तेवढा बदलेल. नियम चार असले तरी पुरेत, परंतु जो घेतला त्याची किंमत कधीतरी चुकवावी लागेल, हे घेतानाच जाणून असावे.

पुढच्या मे महिन्यात किनाऱ्यावरच्या घरांतून पुन्हा कांद्याच्या माळा चढतील, बरण्या भरतील. त्या भरणाऱ्या आजीला कोणी अर्थशास्त्र शिकविलेले नसते. पण पाऊस किती दिवस चालेल, घरात खाणारी तोंडे किती आणि आल्यागेल्यासाठी किती ठेवावे, हे ती नेमके सांगू शकते. त्याच घरात जमिनीचा व्यवहार ठरत असेल, तर कागदावर सही होण्यापूर्वी तिचाही सल्ला एकदा घेतला जावा.